अडलेलं नाव

महादूच्या कानात एक आवाज होता. फार जुना, त्याच्या लग्नातला. सातपाटीच्या घराचं दार, दारात त्याची थोरली बहीण नवसी चौकटीला दोन्ही हात लावून आडवी उभी, आणि उंबऱ्याबाहेर नवी नवरी. "नाव घेतल्याशिवाय आत पाय टाकायचा नाय," नवसी म्हणाली. बाया हसल्या आणि मग तो आवाज उठला. बारीक, पण भिजल्या दोरीसारखा चिवट. आधी दोन हेलकावे, मग "महादूचं नाव घेते", आणि मग आणखी एक हेलकावा. त्या शेवटच्या हेलकाव्याला नवसीनं हात खाली घेतले आणि वत्सला घरात आली.

हेलकावे त्याला आठवत होते. त्यांच्यातले शब्द गेले होते.

दारूनं नेले. तशी दारू काही दरोडा घालत नाही. ती घरच्या माणसासारखी येते-जाते आणि रोज थोडं थोडं उचलून नेते. आधी तिनं भूक नेली. मग सकाळचे हात नेले. चहा समोर आला की कपबशी भजनाला बसल्यासारखी वाजायची. मग तळपाय नेले. तांडेल माणूस होडी डोळ्यांनी चालवत नाही, तळपायांनी चालवतो. फळीखालचं पाणी कुठं वळलं, कुठं उथळ झालं, ते पायाला आधी कळतं. महादूच्या पायांना कळेनासं झालं. मुंग्या आल्यासारखे झिणझिणायचे, नाहीतर लाकडाचे असल्यासारखे गप्प. गेल्या हंगामात खाडीच्या तोंडाशी तो भरल्या होडीसकट वाळूवर चढला. ओहोटी लागून होडी एका कुशीवर कलली, खलाशी चिखलात उतरले, तरी हा सुकाणू धरून म्हणतोय, "पाणी हाय रे, मायंदाळ पाणी हाय!" त्या दिवसापासून होडी नवसीचा मुलगा मिथुन चालवू लागला.

पुढं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि होळीच्या आधी त्याला पालघरला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं दारू तुटली, तसे त्याला छताला पापलेट दिसू लागले. थवेच्या थवे. तो खाटेवर उठून बसला, चादरीचं एक टोक धरलं आणि गरजला, "ओढा रे! दुसरं टोक धरायला कोन नाय कं?" नर्सबाई दाराकडे पळाली. वत्सलानं मात्र पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. तो ओढी तेव्हा ती सैल सोडी, तो दमला की ती ओढी. दुपारभर नवराबायकोनं मिळून ती चादर ओढली. छत रिकामं झालं तेव्हा तो झोपला.

हे त्याला आठवत नव्हतं. मुलीनं, हेमालीनं, हसत हसत सांगितलं म्हणून ठाऊक. आता त्याचं पुष्कळसं आयुष्य त्याच्यापेक्षा दुसऱ्यांनाच जास्त आठवत होतं. आणि जिथं आठवत नसे, तिथं त्याचं डोकं आपलं आपण काहीतरी रचून ठेवी. तो ते खरं मानून सांगे. डॉक्टरबाईंनी वत्सलाला समजावलं होतं, "ते खोटं बोलत नाहीत हां. आठवणीला भोकं पडलीत, ती मन भरून काढतंय." वत्सला म्हणाली होती, "भरू दे. फाटकं जाळं भरायचीच सवय हाय त्यांना."

दवाखान्यातून आल्यापासून त्यानं थेंबही घेतला नव्हता. खिशात मात्र लिमलेटच्या गोळ्या असत. जिभेला ओढ लागली की एक गोळी. आळीतली पोरं त्याला गोळीकाका म्हणू लागली होती, आणि हे नाव त्याला आधी दारूवरून पडलेल्या नावापेक्षा पुष्कळ बरं वाटे.

श्रावण लागला होता. मासेमारीची बंदी उठली होती, पण घरातली होडी नारळीपुनवेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात जायची नव्हती. ओटीवर सुक्या बोंबलांचा वास, बाहेर उघडीप. वत्सला पालघरच्या बाजाराला न्यायची पाटी भरत होती. तिनं स्टीलचा पेला त्याच्यापुढे ठेवला. अर्धाच भरलेला. कपबशी तिनं केव्हाच वर ठेवून दिली होती. 

"वत्सले, सापडला!"

"कोन सापडला?"

"आपला उखाणा. ऐक." त्यानं घसा खाकरला. "चिकूच्या झाडाखाली चिकूची सावली, महादूच्या बायकोची चप्पल हरवली."

हेमाली कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवत होती. बोईसरला औषधाच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिला चहाचा ठसका लागला. "बाबा, चप्पल आयची नाय, तुमची हरवली! काल जेट्टीवरून एका चपलेनं आलात. दुसरी कुठं गळली ते तुमाला कळलंच नाय."

"कळली होती. ती मीच आपल्या जुन्या सोबत्याला, गोमाला दिली."

"एक चप्पल?"

"त्याचा एकच पाय दुखतो."

वत्सलानं तोंड फिरवलं. तिला हसू दाबायचं असलं की ती असंच करी. "उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊन चपलेचं रडगाणं सांगायला मी काय येडी होते?"

"मंग काय म्हनालीस ते तरी सांग."

"मला नाय आठवत."

हे ती जरा लवकरच म्हणाली. पालघरच्या कुठल्या गिऱ्हाइकानं गेल्या वर्षी कुठल्या वाराला कुठला जवळा नेला, हे तिच्या तोंडावर असायचं. महादूनं पेला दोन्ही हातांनी उचलला आणि चहा प्याला.

ती त्याचं नाव घेत नव्हती, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. मिथुनच्या हळदीत ते झालं होतं. बाया वत्सलाभोवती गोळा झाल्या, नाव घे, नाव घे. तिनं नवा उखाणा जुळवला होता. "महादू" असा शब्द तिच्या ओठांतून निघायला आणि मांडवाच्या दारातून "हजर, साहेब!" अशी आरोळी यायला एकच गाठ पडली. महादू सलाम ठोकून उभा होता. उभा कसला, तरंगत होता. सलाम ठोकता ठोकता तो मागं सरकला आणि हळदीच्या परातीत बसला. लोक इतके हसले की वाजंत्री थांबली. पुढं कित्येक वर्षं वत्सला बाजारात निघाली की कुणीतरी पोर लपून ओरडे, "हजर!"

त्यानंतर लग्नात, बारशात बाया मागं लागल्या की ती म्हणे, "निळ्या निळ्या पाण्यावर पांढरं पांढरं शीड, नाव घ्यायला सांगू नका, मला येते चीड." बाया हसत. तीही हसे. नाव मात्र आत राही. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तिनं हेमालीला पुढं ढकललं, "तू सांग गो."

महादूनं नवसीलाही विचारून पाहिलं होतं. नवसी तेव्हा पायरीवर बसून सुपारी कातरत होती.

"मी दार अडवायचं काम केलं," ती म्हणाली. "शब्द सांभाळायचं काम तिचं. शेवटाला उंबरा होता, एवढं सांगते. बाकी बायकोला विचार."

"ती सांगत नाय."

"मंग सांगंल असं काहीतरी कर."

"काय करू?"

"ते पन मीच सांगू? तू तांडेल का मी?"

तांडेल, असं ती सवयीनं म्हणाली आणि सुपारीकडे बघत राहिली. महादू हसला. "तांडेल तुझा पोरगा, बाय. मी गोळीकाका."

होडी खाडीच्या काठावर लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. मिथुन आणि खलाशी तिच्या बुडाचे शिंपले खरवडत होते. महादूही खरवडायला बसे. उभं राहून काम झालं की पिंढऱ्या भरून येत, म्हणून तो पालथ्या पाटीवर बसून करी. काम सुटलेल्या अंगाला काम पुन्हा ओळखीचं व्हायला वेळ लागतो, पण भूक लवकर ओळख दाखवते. दुपारी वत्सलानं दिलेली भाकर आणि बोंबलाची चटणी तो बोटं चाटून खाई. मिठाची चव, लसणाची चव, जळक्या कडांची चव, सगळं नव्यानं कळत होतं.

खरवडून झालं, तेल पाजून झालं, निळा रंग लागला. मग मिथुन म्हणाला, "मामा, नाव तूच लिव."

महादूनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एके काळी बंदरातल्या निम्म्या होड्यांची नावं त्याच्या कुंचल्यानं लिहिली होती. "आता कंप्युटरचे स्टिकर लावतात सगळे. तू पन लाव."

"स्टिकर पहिल्याच लाटेला शेपूट सोडतो. तू लिव. आयेचं नाव द्यायचंय होडीला. नवसी."

"हात बघ माझे."

"बघितले. हळू लिव."

महादूनं पांढरा रंग कालवला. मनगटाखाली बांबूची काठी टेकवली, तरी कुंचल्याचं टोक पाण्यातल्या गळासारखं नाचत होतं. पहिली रेघ वाकडी गेली. मिथुननं निळ्या रंगाचा बोळा फिरवला आणि ती पुसली. दुसरी रेघही गेली. एक खलाशी हसला. मिथुननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो पाणी आणायला निघून गेला.

तेव्हा महादू नकळत गुणगुणायला लागला. तोच हेलकावा, उंबऱ्यावरचा. शब्द नाहीत, नुसतं वर जाणं आणि खाली येणं. हेलकाव्याबरोबर श्वास वर गेला, श्वास खाली आला, आणि त्याच्याबरोबर कुंचला. रेघ सरळ उतरली.

"आयला!" मिथुन म्हणाला.

नवसी शेजारीच उभी राहून बडबडत होती, "माझं नाव मोठं काढ हां, समुद्रातून दिसलं पायजे." तिच्या बडबडीत आणि आपल्या गुणगुणण्यात त्यानं डाव्या बाजूला 'नवसी' लिहून टाकलं. नवसीला अक्षर येत नव्हतं. तिनं जवळ जाऊन ओल्या रंगाला न लावता बोट हवेतच फिरवलं. "असं दिसतं कं माझं नाव," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा हवेत बोट फिरवलं.

संध्याकाळी गोमा आला. जुना सोबती. खांद्यावर टॉवेल, टॉवेलखाली बाटलीचा फुगवटा. नाक लाल, पायांना सूज, पण तोंड हसरं.

"हात थरथरला नाय म्हनतात तुझा! चल, साजरं करू."

वास आला. महादूच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, पोटात काहीतरी कुत्र्यासारखं उठून उभं राहिलं आणि शेपूट हलवू लागलं. त्यानं खिशात हात घातला.

"घे."

"काय हाय?"

"लिमलेट."

गोमा गोळीकडे बघून इतका हसला की खोकला आला. "येड्या, बायकोनं तुझं नाव टाकलं, तू दारू टाकलीस. मंग उरलं काय?"

महादूला ते लागलं. पण तो म्हणाला, "गोळी उरली. घे, लिंबाची हाय." आणि गोमानं ती खरंच तोंडात टाकली, टॉवेल सावरला आणि चोखत चोखत गेला. महादू खाडीकडे तोंड करून बसला. ते कुत्रं हळूहळू खाली बसलं. तोवर त्यानं सगळ्या गोळ्या संपवल्या होत्या.

घरी आल्यावर त्यानं वत्सलाला आणखी एक उखाणा ऐकवला. "खुराड्यातला कोंबडा झाला घाबराघुबरा, महादूचं नाव घेते, सोडा माझा उंबरा."

बोंबील निवडता निवडता वत्सलाचा हात थांबला. "उंबरा कुनी सांगितला?"

"आठवला."

"वन्सनी सांगितला असंल." पण या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. "कोंबडा नव्हता त्यात," ती म्हणाली.

"म्हंजे तुला आठवतंय!"

"कोंबडा नव्हता, एवढं आठवतंय."

पुनवेच्या आदल्या दुपारी उजवी बाजू लिहायची होती. मिथुन पालघरला गेला होता, खलाशी जेवायला. नवसीही नव्हती. महादू एकटाच पालथ्या पाटीवर उभा राहिला, काठी टेकवली आणि गुणगुणू लागला. वर, खाली. कोंबडा नव्हता. मग काय होतं? वर, खाली. तो उंबरा, ती हिरवी साडी, कपाळावरच्या मुंडावळ्या, आणि त्यांच्याआडून उठलेला तो आवाज. हात कधी नव्हता इतका स्थिर होता. अक्षरं गोल, भरीव, काठाला धार. त्यानं कुंचला धुतला. पावसाची सर आली तशी ताडपत्री ओढली आणि समाधानानं घरी गेला. दोन्ही चपला घालून.

पुनवेच्या दिवशी सगळं बंदर सजलं. पताका, झेंडूच्या माळा, नव्या साड्यांची करकर, सोन्याचा कागद लावलेले नारळ. मिथुनच्या होडीभोवती आळीतली माणसं जमली. भरती चढू लागली होती. पाणी ओंडक्यांपर्यंत आलं की होडी ढकलायची. मिथुननं डावीकडून माळ घातली, मग उजवीकडे गेला आणि ताडपत्री ओढली.

जमलेल्यांपैकी ज्यांना वाचता येत होतं, ते गप्प झाले. ज्यांना येत नव्हतं, ते त्यांच्या तोंडांकडे बघू लागले.

नवसी नारळ कडेवर घेऊन वळसा घालून आली आणि मान तिरपी करून बघत राहिली. "आज मी जाडी झाले कं रे? त्या बाजूला कशी सुटसुटीत होते." मग बोटानं दाखवत, "आनि हे मधी काय गुंतलंय? जाळ्यात खेकडा अडकावा तसं?"

एका बाईनं पदर तोंडात कोंबला.

"अरे सांगा की! माझंच नाव हाय ना ते?"

"आत्या," हेमाली म्हणाली, आणि तिचा आवाज हसण्यानं फुटत होता, "त्या बाजूला तू हायस. या बाजूला आय हाय. वत्सला लिवलंय."

हशा फुटला. महादू पुढं आला आणि अक्षरांकडे पाहू लागला. "बरोबरच हाय," तो म्हणाला. "मिथुननंच सांगितलं काल दुपारी. बोलला, मामा, दोन बाजू, दोन बाया."

"मामा, काल दुपारी मी पालघरला होतो, बर्फाच्या पेट्या आनायला."

पुन्हा हशा. महादूनं हेमालीकडे पाहिलं. ती हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. तेव्हा त्याला कळलं की हेही ठिगळच होतं. मिथुन काही बोलला नव्हता. तो एकटाच होता, आणि गुणगुणत होता.

"हजर, साहेब!" गर्दीतून गोमा ओरडला.

हसणं वाढलं. आणि नेमकी त्याच वेळी वत्सला पूजेचं ताट घेऊन आली. माणसांनी वाट दिली. तिनं अक्षरं वाचली. चौथीपर्यंत शिकली होती ती, पण स्वतःचं नाव एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिची मान ताठ झाली. महादूनं खाली पडलेला बोळा उचलला आणि निळ्या रंगाच्या डब्यात बुडवला. हात पुन्हा नाचायला लागले होते. रंग त्याच्या सदऱ्यावर उडाला.

"पुसतो," तो म्हणाला. "चुकलं. लगेच पुसतो."

"खबरदार!"

नवसी. तिनं नारळ मिथुनच्या हातात दिला, कडेची मासळीची पाटी ओढली, होडीच्या नाळेसमोर, दर्याकडच्या टोकाशी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. दोन्ही हात दोन्हीकडे पसरून.

"होडीला माझं नाव होतं. अर्धं हिच्या नवऱ्यानं हिला दिलं. माझं अर्धं नाव गेलं, त्याच्या बदल्यात मला एक पुरं नाव पायजे. वत्सले, नाव घे! नाव घेतल्याशिवाय ही नाव पान्यात जायची नाय."

"आये, ऊठ! भरती चढतेय!" मिथुन म्हणाला.

"चढू दे. दर्याची नि माझी जुनी ओळख हाय."

बायांना एवढंच हवं होतं. त्यांनी वत्सलाला नाळेपाशी ओढलं, तिच्याभोवती कडं केलं आणि टाळ्यांचा ठेका धरला. नाव घे, नाव घे. पहिली लाट ओंडक्यांना लागली. दुसरी नवसीच्या नव्या साडीच्या काठाला. नवसी हलली नाही.

"बाय, ऊठ," महादू नाळेपाशी येत म्हणाला. "तिला नको अडवू. नाय घ्यायचं तर नको घेऊ दे."

वत्सलानं त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, निळ्या ठिपक्यांच्या सदऱ्याकडे, आणि मग पायांकडे.

"अवो," ती म्हणाली, "चप्पल कुठं हाय दुसरी?"

त्यानं खाली पाहिलं. एक पाय उघडा होता, चिखलात रुतलेला. त्याला पत्ताच नव्हता. तो तोंड उघडून काहीतरी रचणार होता. गोमाला दिली म्हणणार होता बहुतेक. पण त्यानं तोंड मिटलं. "मला म्हाईत नाय," तो म्हणाला.

वत्सलानं ताट हेमालीकडे दिलं. होडीला वळसा घालून ती पुन्हा उजव्या बाजूला गेली, जिथं तिचं नाव होतं. त्याच्या खालीच, मघाशी अक्षरं बघत तो उभा होता त्या जागी, चिखलात चप्पल उलटी पडली होती. तिनं ती लाटेत खळबळली, आणली आणि त्याच्या पायापुढं ठेवली. त्यानं पाय घातला आणि तिच्या खांद्याला हात लावून, नीट बसली का ते वाकून बघितलं.

"काय गो, घेतेस का नाय?" नवसी ओरडली. पाणी आता पाटीच्या कडेला लागलं होतं. "भिजले मी कंबरेपर्यंत!"

"घेते, वन्स. दम धरा." वत्सला बायांकडे वळली. "मागं यांनी हजर म्हनून आरोळी दिली, ती बेशुद्धीत. आता नाव लिवलंय ते शुद्धीत. शुद्धीत चुकलेत. मला चालतंय."

"अगो, नाव घे म्हनलं, भाषण नको देऊस!"

टाळ्या थांबल्या. भरतीचं पाणी ओंडक्यांखालून होडीच्या बुडाला लागून चुळबुळत होतं. महादूला तळपायाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं, की नुसताच भास, त्याला सांगता आलं नसतं. वत्सलानं पदर डोक्यावरून ओढला आणि दर्याकडे तोंड करून श्वास घेतला. मग तो आवाज उठला. आता तितका बारीक नव्हता, बाजारात ओरडून ओरडून जाडावला होता, पण चिवट तसाच. पहिला हेलकावा वर गेला आणि या खेपेला त्याच्यात शब्द होते.

"ओहोटीचं पाणी गेलं, गेलं तरी येतं घरा..."

महादूचे ओठ हलले. हो, हेच. घरा. उंबरा. त्यानं हात हातात घट्ट धरून ठेवले. नवसी पाटीवरून अर्धी उठली होती, आणि मिथुननं होडीला खांदा लावला होता.

"महादूचं नाव घेते, वन्स, सोडा हा किनारा!"